फुकट सोफा, उधार गणपती

धरमतरच्या माणसाला ताटकळायला शिकवावं लागत नाही. मुंबई-गोवा रस्ता धड नव्हता तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट आमच्या खाडीत शिरून धरमतर बंदराला लागायची आणि तिथून पुढे पेण, नागोठणे, महाड असा मोटारीचा प्रवास सुरू व्हायचा. त्या काळी कुलाबा (म्हणजे आताच्या रायगड) जिल्ह्यातला मुंबईला निघालेला बराचसा माणूस आमच्याच धक्क्यावर मांड्या घालून बसलेला असे. खाडीत पाणी चढल्याशिवाय काही हलत नसे आणि पाणी माणसाच्या सोयीने चढत नाही. आजोबा सांगायचे, रात्रीच येऊन पोत्यावर पथारी टाकायची, कंदिलाच्या उजेडात खाडीकडे बघत राहायचं आणि डास मारायचे. वरच्या वर्गाचं तिकीट असलेल्यालाही तेच डास. डासांनी वर्ग कधी पाहिला नाही.

साधारण त्याच काळात, म्हणजे १९३९ साली, न्यूयॉर्कच्या ला गार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्स कंपनीने ‘ॲडमिरल्स क्लब’ नावाची एक खोली थाटली. विमान सुटेपर्यंत निवडक लोकांनी गाद्यांच्या खुर्च्यांत बसावं, काहीतरी प्यावं, बाहेरच्या गर्दीचं तोंड पाहू नये, एवढाच उद्देश. विमानतळावरचा पहिला लाउंज तो हाच, असं मानतात. सुरुवातीला तिथे पैसे टाकूनही जाता येत नव्हतं. कंपनीचं बोलावणं लागायचं. आजोबा इकडे पोत्यावर बसलेले होते आणि त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. घराण्यातली ही उणीव भरून काढायची कामगिरी माझ्याकडे आली आहे, असा माझा गेल्या सप्टेंबरात समज झाला.

अनंत चतुर्दशी नुकतीच झाली होती. दुपारी फोन आला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी. हिंदीतून नाव-गाव विचारून झाल्यावर ती म्हणाली, “सर, मी मराठीत बोलू का?”

मी तिथेच निम्मा संपलो. एखाद्या खासगी बँकेने आपणहून मराठीत बोलू का विचारावं, असा प्रसंग माझ्या आयुष्यात आला नव्हता. तिने सांगितलं, माझं ‘प्रोफाइल’ बघून बँकेने मला एक खास क्रेडिट कार्ड मंजूर करून ठेवलं आहे. कायमचं मोफत. वर विमानतळावरच्या लाउंजमध्ये प्रवेश, खाणंपिणं सगळं आलं, फक्त २ रुपये कापले जातील.

“पण मलाच का?” मी विचारलं.

“सर, तुम्ही प्रिव्हिलेज्ड कस्टमर आहात.”

मी निवृत्त शाळामास्तर. विषय गणित. मला आजवर मुलांनी ठेवलेली नावं इथे सांगण्यासारखी नाहीत. पण ‘प्रिव्हिलेज्ड’ त्यांत नव्हतं. मी फोनवर आलेला आकडा तिला सांगून टाकला. (हो, ओटीपी. गणिताचा मास्तर असलो तरी ओटीपी सांगू नये एवढं मलाही कळतं. सुदैवाने ती खरोखरच बँकेची निघाली. पुढचं सगळं नुकसान पूर्णपणे कायदेशीर झालं.) बँकेचं नाव मी लिहीत नाही. तिने मला फसवलं असं म्हणायला जागाच ठेवलेली नाही, सगळं छापून दिलं होतं.

कार्ड आलं ते काळ्या पेटीतून. आत मखमल. आमच्याकडे एवढ्या मखमलीत फक्त मंगळसूत्र येतं. शेजारचे काका पेटी बघायला आले. त्यांना मी योजना समजावून सांगितली. त्यांनी तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आरं मास्तर, दोन रुप्यान जेवान? मंग त्यो धंदा करतय का भंडारा घालतय?”

आमच्या पेण तालुक्याला हा संशय शोभून दिसतो. २०१० साली पेण अर्बन बँकेचे दरवाजे बंद झाले तेव्हापासून इथे बँकेने काही देऊ केलं की लोक हसत नाहीत, आधी गंभीर होतात. पण मी सुशिक्षित. मी काकांना लाउंजचं अर्थशास्त्र ऐकवलं. आपण आत शिरलो की लाउंजवाला तेवढ्या माणसाचे पैसे बँकेकडून किंवा कार्डाच्या कंपनीकडून घेतो. मध्ये दलाली करणाऱ्या कंपन्या असतात. त्यांतली ड्रीमफोक्स तर शेअर बाजारात नोंदलेली, म्हणजे बघा केवढी उलाढाल. बँक हे पैसे कुठून आणते? आपण कार्ड घासलं की दुकानदाराकडून कापल्या जाणाऱ्या टक्क्यातून, आणि जे लोक बिल वेळेवर भरत नाहीत त्यांच्या व्याजातून. म्हणजे जेवतो एक आणि पैसे भरतो दुसरा.

“आनि तू त्यातला कंचा?” काकांनी विचारलं.

मी पेटी बंद केली.

अट होतीच. पूर्वी कार्ड दाखवलं की सरळ आत सोडत. मग कार्डं भाजीवाल्याच्या पिशव्यांइतकी झाली, लाउंजबाहेर रांगा लागायला लागल्या आणि बँकांच्या लक्षात आलं की हे लोक कार्ड वापरत नाहीत, नुसते जेवतात. २०२३-२४ पासून एकेकीने खर्चाची अट घातली. आयसीआयसीआय बँकेने एप्रिल २०२४ पासून आपल्या बऱ्याच कार्डांवर तिमाहीत ३५,००० रुपये खर्चाची अट आणली आणि त्याच नोव्हेंबरात ती ७५,००० वर नेली. त्या मानाने माझ्या कार्डाची अट मवाळ होती, तिमाहीत ५०,०००. मी भिंग घेऊन अटींची पुस्तिका वाचली आणि ‘तिमाही’ शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली. त्याच्या आधी ‘मागील कॅलेंडर’ असे दोन शब्द होते. ते रेघेबाहेर राहिले.

नोव्हेंबरच्या शेवटी नागपूरला पुतण्याचं लग्न होतं. त्याने हौसेने आम्हा दोघांची विमानाची तिकिटं काढून पाठवली होती. म्हणजे विमान मला फुकट होतं. विमानाच्या आधी बसायला सोफा मिळावा म्हणून मात्र ५०,००० खर्च करायचे होते.

एकट्या पेन्शनीवर धरमतरात राहणाऱ्या माणसाने दोनेक महिन्यांत ५०,००० खर्च करायचे कशावर? इथे खर्च करायला काय आहे? एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला डोलवीचा पोलादाचा कारखाना, खाडीतून लोखंडाची माती नि कोळसा घेऊन येणारे बार्ज, मधून अलिबागला जाणाऱ्या मुंबईकरांच्या गाड्या. पोलाद मला नको होतं. आमच्याच तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ साली विनोबा जन्मले आणि पुढे पवनारच्या आश्रमात त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग केला, पैशाशिवाय जगून दाखवलं. त्याच तालुक्यात मी पैसे कसे घालवावे या विवंचनेत वहीत कोष्टकं आखत होतो.

पहिला हल्ला पेट्रोलवर. वडखळच्या पंपावर जाऊन स्कूटरची टाकी भरली, मग शेजाऱ्याच्या टेम्पोत डिझेल टाकून त्याच्याकडून रोख घेतले. पाठोपाठ त्याच्या भावाच्या टेम्पोतही. खर्च सहा हजारांच्या वर गेला तेव्हा मी हेल्पलाइनला फोन करून मोठ्या अभिमानाने किती झाले ते विचारलं. शून्य. इंधन धरत नाहीत. घरभाडं, मोबाइलच्या पाकिटात भरलेले पैसे, हेही धरत नाहीत. हे सगळं त्याच पुस्तिकेत होतं, पण रेघ मारायला पेन्सिलीला टोक उरलं नव्हतं.

दुसरा हल्ला पेणच्या बाजारपेठेवर. पेणला जाऊन पोहे-पापडाच्या दुकानात मी काळं कार्ड काढलं. दुकानदार माझा विद्यार्थी. त्याने ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, “गुरुजी, मशीन आहे, पण माळ्यावर आहे. क्यूआरवर टाका ना.” मी म्हटलं, मला कार्डच घासायचं आहे. त्याने शिडी लावली. मशीन खाली आलं, पुसलं, चार्जिंगला लावलं. तेवढ्यात गर्दी जमली. पापड, पोह्याचे पापड, मिरगुंडं, फेण्या असा माल भरत भरत मी अडीच हजारांपर्यंत कसाबसा पोचलो. त्याच्या वर पापड घेणं माणसाला शक्य नाही. आमच्याकडे अजून पापड आहेत. तुम्ही आलात तर नेऊ शकता.

मग लोकांची विजेची बिलं. मी कार्डावरून भरायची आणि त्यांनी मला रोख द्यायची. वाडीवर मी अचानक फार परोपकारी ठरलो. संध्याकाळी ओटीवर बिलं घेऊन माणसं यायला लागली. अडचण एकच झाली. ती रोख रक्कम बँकेत भरून ठेवायची, म्हणजे कार्डाचं बिल आलं की देता येईल, असा साधा हिशेब होता. पण रोख पैसा खिशात असलेल्या माणसाला आमच्या खारेपाटात कशाचा धोका असतो हे जाणकारांना ठाऊक आहे. नोव्हेंबरच्या एका सकाळी दारात जिताडा आला. ताजा, चंदेरी, हातभर. आमच्याकडे एकेकाळी अडलेली सरकारी कामं जिताडा पोचवला की हलायची म्हणतात; त्यावरून त्याची योग्यता समजा. विकणाऱ्याने भाव सांगितला. एरवी मी दार लावून घेतलं असतं, पण खिशात तीन घरांची वीज होती. आम्ही जिताडा घेतला. पुढच्या आठवड्यात त्याचा भाऊ आला. तोही घेतला.

तरीही आकडा ५०,००० च्या जवळपास जाईना. तेव्हा मला एक मित्र आठवला. हमरापूरला त्याचा गणपतीचा कारखाना आहे. पेणच्या मूर्ती म्हणून मुंबईपासून परदेशापर्यंत जे गणपती जातात त्यांतले पुष्कळसे हमरापूर आणि जोह्याच्या अशा घरगुती कारखान्यांतून निघतात. दिवाळी झाली की पुढच्या सालची तयारी सुरू. साचे, माती, काथ्या, रंग. पैसा येतो तो गणपतीच्या तोंडावर. जातो मात्र वर्षभर. मी त्याला म्हटलं, तुझा माल मी कार्डावर घेतो, तू मला पैसे दे.

“देतो की,” तो म्हणाला.

व्यापाऱ्याकडे गेलो. त्याने सांगितलं, कार्डावर दोन टक्के जास्त पडतील. मित्र म्हणाला, ते मी देणार नाही. मी म्हटलं, मी देतो. वीस-बावीस किलोचा एकेक डबा रंग टेम्पोत चढत होता. त्या टेम्पोतलं डिझेलही माझंच होतं, ते मात्र हिशेबात नव्हतं. मशीनमधून ३०,००० ची चिठ्ठी सरसरत बाहेर आली आणि माझा आकडा ५१,८४० झाला. घरी येऊन वहीत लाल शाईने उत्तर लिहून खाली दोन रेघा मारल्या.

बायकोने वही बघितली. ती अंगणवाडीत होती. तिने आयुष्यभर मुलांना शिजवून वाढलेल्या खिचडीचा हिशेब ठेवला आहे. तिने एवढंच विचारलं, “तो पैसे कधी देणार, विचारलंत का?”

मी म्हटलं, मित्रांमध्ये असं विचारत नाहीत.

निघायच्या दिवशी मी पहाटे उठून जाहीर केलं की आज घरी काही खायचं नाही. ५१,८४० रुपयांची भूक घेऊन जायचं आहे. ती घावन घालायला तवा ठेवत होती, तो मी उतरवला. डबा भरायला घेतला, तोही हातातून काढून घेतला. “लाउंजमध्ये डबा? लोक काय म्हणतील?” ती काही बोलली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली की तिचं न बोलणं मला ऐकू येतं, पण त्या दिवशी मी दुर्लक्ष केलं.

रस्त्याबद्दल लिहीत नाही. पनवेल ते इंदापूर चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, एवढं सांगितलं की रायगडकराला पुढचं कळतं. वडखळच्या नाक्यावर गाड्या थांबल्या तेव्हा खिडकीशी गरम वडे आले. मी काच वर केली. पेणला चहाला थांबायचं का, ड्रायव्हरने विचारलं. मी नको म्हटलं. पनवेलला पोटात पहिला आवाज झाला. शीवला दुसरा. सांताक्रूझला पोचेपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे इडल्या तरंगत होत्या.

तपासणी आटोपून आम्ही लाउंजपाशी आलो. बाहेर रांग होती आणि रांगेत सगळेच प्रिव्हिलेज्ड होते. पाठीवर कॉलेजची पिशवी टाकलेली पोरं, बर्म्युडा घातलेले गृहस्थ, कडेवर मूल घेतलेली बाई. प्रत्येकाच्या हातात एकेक कार्ड. बोलावल्याशिवाय प्रवेश नसलेली ती न्यूयॉर्कची खोली आणि ही रांग यांच्यामध्ये शहाऐंशी वर्षं गेली आहेत. दार उघडलं की आतून उपम्याचा, तळलेल्या मोहरीचा वास येई आणि दार बंद झालं की जाई.

आमचा नंबर आला. काउंटरवरच्या मुलीने कार्ड घेतलं, यंत्राला लावलं, पुन्हा लावलं, उलटं करून लावलं.

“सर, हे एलिजिबल नाही दाखवत.”

“असं कसं? एक्कावन्न हजार आठशे चाळीस झालेत.” मी वही काढली.

तिने वही बघितली नाही. मागच्या बर्म्युड्याने बघितली. “अंकल, ते ना लास्ट क्वार्टरचं बघतात,” तो म्हणाला. “तुमचं हे ऑक्टोबरपासूनचं आहे. हे जानेवारीत लागू होईल.”

माझं सगळं अध्यापन जिथे गेलं ती शाळा पहिली घटक चाचणी, सहामाही, दुसरी घटक चाचणी अशी कालगणना करते. त्यात मागच्या वर्षाचे गुण पुढच्या वर्गात प्रवेश देतात हे मला समजायला हवं होतं. मुलीने अदबीने सांगितलं, पैसे भरून आत जाता येईल. तिने सांगितलेला आकडा ऐकून मी दोन जिताडे आणि थोडी वीज असा मनात हिशेब केला आणि नको म्हटलं.

“मॅम, तुमच्याकडे दुसरं एखादं कार्ड आहे का?” तिने बायकोला विचारलं.

बायकोने कापडी पाकीट उघडलं. त्यात देवीचा अंगारा, रेशन कार्डाची झेरॉक्स आणि रबरबँड लावलेलं एक डेबिट कार्ड. राष्ट्रीयीकृत बँकेचं, रुपे प्लॅटिनम; बँकेतल्या कारकुनाने कधीतरी बदलून दिलेलं, वडखळच्या एटीएमपलीकडे कधी न गेलेलं. मुलीने ते यंत्राला लावलं. बायकोने पिन दाबला. यंत्राने चिठ्ठी काढली. रुपेच्या प्लॅटिनम कार्डाला तिमाहीत एकदा देशातल्या लाउंजमध्ये मोफत जाता येतं. त्यासाठी पापड घ्यावे लागत नाहीत.

“वेलकम, मॅम.”

आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो. कार्ड एक, माणूस एक. तिने क्षणभर विचार केला. मला वाटलं, ती म्हणेल राहू दे, दोघं बाहेरच बसू. तिने पिशवी माझ्या हातात दिली.

“तुम्ही बॅगा सांभाळा. मी बघून येते.”

दार बंद झालं. पाठोपाठ माझा फोन वाजला. तिच्या खात्याला नंबर माझा जोडलेला आहे. संदेश होता: आपल्या खात्यातून २ रुपये वजा झाले आहेत.

मी समोरच्या लोखंडी खुर्चीवर बसलो. कोलकात्याच्या विमानतळावर डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने उडान यात्री कॅफे सुरू केलं, तिथे १० रुपयांत चहा मिळतो, हे मी पेपरात वाचलं होतं. पण मी कोलकात्याला नव्हतो. मी जिथे होतो तिथे चहा आणि वडा मिळून जे झालं त्यात वडखळच्या नाक्यावर अख्ख्या एसटीने खाल्लं असतं. पैसे कार्डाने दिले. हा खर्च तिमाहीत धरला जातो.

ती चांगली तासाभराने बाहेर आली. चेहऱ्यावर तुकतुकी.

“काय होतं?”

“उपमा, इडली, छोले, कसलातरी पास्ता. ताक चांगलं होतं. पोहे होते, पण जाडे आणि लिबलिबीत, आपल्या पेणचे नव्हेत. चिंचवडच्या एक बाई भेटल्या, त्यांनी कॉफीचं मशीन शिकवलं. सोफे खोल आहेत, उठताना त्रास होतो.” मग जरा थांबून, “तुमच्यासाठी दोन इडल्या डब्यात घेऊ का विचारलं. नाही म्हणाले. शिवाय डबा कुठे होता?”

नागपूरचं लग्न उत्तम झालं. तिथे मी इतका जेवलो की मुलीकडच्यांनी चौकशी केली.

डिसेंबरात बिल आलं. ५१,८४०, हिशेबात न धरलेलं डिझेल आणि वर विमानतळावरचा वडा. त्याखाली मोठ्या ठळक अक्षरांत ‘किमान देय रक्कम’ आणि एक लहानसा, गोंडस आकडा, सुमारे पाच टक्के. मी मित्राला फोन केला. तो म्हणाला, “देतो ना. गणपती झाले की लगेच.”

“कुठले गणपती?”

“आता येतील ते.”

आता येतील ते १४ सप्टेंबर २०२६ ला. यंदा अधिक ज्येष्ठ आला आहे, म्हणून गणपती लांबले. पंचांगकर्त्यांनी चांद्र आणि सौर वर्षाचा मेळ घालण्यासाठी केलेली ही सोय शतकानुशतकं चालत आली आहे. पण एका गणिताच्या मास्तरला तिच्यामुळे व्याजाचा आणखी एक महिना पडेल हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. मी किमान रक्कम भरून टाकली आणि स्वस्थ झालो. मग पुढचं बिल आलं.

मी वर्गावर चक्रवाढ व्याज शिकवलेलं आहे. फळ्यावर सूत्र लिहून, मुद्दल दहा हजार, दर दहा टक्के, मुदत तीन वर्षं. दर बेचाळीस टक्के असलेलं उदाहरण मी कधी घातलं नाही. मुलांना ती लिहिण्यातली चूक वाटली असती. कार्डाचा दर महिन्याला साडेतीन टक्के. वर्षाचे साधे बेचाळीस, चक्रवाढीने पन्नासच्या वर, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. किमान रक्कम भरली म्हणजे फक्त दंड टळतो. व्याज खरेदीच्या दिवसापासून चालू होतं, आणि जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली म्हटलं होतं. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. म्हणजे मी कार्ड घेतलं ते बरोब्बर वाट मोकळी झाल्यावर. काकांनी विचारलेल्या ‘तू त्यातला कंचा’ या प्रश्नाचं उत्तर आता टपालाने दर महिन्याला येत होतं.

बायकोने आपली ठेव मोडून बिल भरलं. त्यावर ती काही बोलली नाही.

गंमत म्हणजे जानेवारी उजाडताच बँकेचा संदेश आला: अभिनंदन, आपण या तिमाहीत लाउंज प्रवेशास पात्र आहात. २५ डिसेंबरला नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला होता, आमच्यापासून सांताक्रूझपेक्षा बराच जवळ. म्हणजे मार्च अखेरपर्यंत माझ्याकडे पात्रता होती, विमानतळ होता, भूकही होती. नव्हतं ते विमानाचं तिकीट, आणि त्याशिवाय दारातला पोलीस आत सोडत नाही. जेवायला म्हणून नागपूरला जाऊन यावं का, असा विचार मी जेवताना मोठ्याने केला. समोरून पोह्याचा पापड वाढण्यात आला.

कार्ड बंद करायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे, बाकी नसेल तर अर्ज केल्यापासून कामकाजाच्या सात दिवसांत बँकेने कार्ड बंद केलंच पाहिजे. नाहीतर पुढे दिवसाला ५०० रुपये दंड, आणि तो ग्राहकाला. हे वाचून माझ्या डोक्यात पुन्हा कोष्टक तयार व्हायला लागलं. बँकेने साठ दिवस उशीर केला तर ३०,०००. मित्राचे सुटले. मी मुद्दाम गोंधळाचा दिसेल असा अर्ज केला आणि फोनवर त्या मुलीला, पुन्हा मराठीत बोलणारीच होती, ठणकावून सांगितलं, “रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख आमच्या रोह्याचे. १९४३ साली त्यांनी ती खुर्ची घेतली. नियम आम्हाला शिकवू नका.”

“हो सर,” ती म्हणाली, “मी तशी नोंद करून घेते.”

सातव्या दिवसाची वाट बघत होतो. सहाव्या दिवशी सकाळी संदेश आला, आपलं कार्ड बंद करण्यात आलं आहे. चिंतामणरावांचं नाव घ्यायला नको होतं.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. यंदा गणपती १४ सप्टेंबरला आहेत, मूर्ती ठरवायला पुष्कळ अवकाश आहे. मूर्ती पेणची घ्या. जमलं तर हमरापूरला स्वतः येऊन, आवडीची निवडून, नाव घालून ठेवा. कारखाना कुठला ते विचारलंत तर मी खासगीत सांगेन. घासाघीस फार करू नका आणि पैसे रोख द्या. त्यातले ३०,००० माझ्या बायकोचे आहेत.